कोकणातले लग्न, मे महिना आणि नवरदेवाचा कोट

२०२३ च्या मे महिन्यातील गोष्ट. माझ्या मामेभावाच्या मुलाचे लग्न गुहागरजवळच्या एका वाडीत, समुद्राकाठच्या नारळीच्या बागेत ठरले होते. हल्ली आपले गाव सोडून दूर समुद्रकिनारी जाऊन लग्न करण्याची हौस वाढली आहे, त्यातलाच हा प्रकार. मुलगा नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये राहणारा; लग्नाच्या तीनच दिवस आधी तो भारतात उतरला होता. मुहूर्त दुपारी १२ वाजून १८ मिनिटांचा. नवरदेवाच्या अंगात बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि त्यावर गळ्यापर्यंत बटणे लावलेला, आतून चकचकीत अस्तर असलेला जोधपुरी कोट. आम्ही घाटावरची मंडळीही कोट-टाय चढवून घामाघूम बसलो होतो.

मंगलाष्टका कशाबशा पार पडल्या. लाजाहोमाच्या वेळी मात्र अग्नीसमोर बसलेला नवरदेव एकाएकी पांढराफटक पडला आणि डोळे मिटून मागे कलला. सगळे गोंधळले. तेवढ्यात मुलीचे ऐंशी वर्षांचे आजोबा पुढे आले आणि म्हणाले, "गुरुजी, घटकाभर थांबा. आधी त्याचा तो कोट काढा." कोट निघाला, सदऱ्याची बटणे सुटली, ओला पंचा अंगावरून फिरला, पंखा जवळ आला. दहा मिनिटांत मुलगा उठून बसला. उरलेले सगळे विधी त्याने आजोबांनी दिलेले धोतर नेसून आणि उपरणे पांघरून केले.

आजोबा स्वतः सकाळपासून उघड्या अंगावर उपरणे टाकून वावरत होते आणि त्यांना काहीही त्रास नव्हता. हे पाहून दहावीतील माझ्या पुतणीने मला प्रश्न विचारला : "काका, कपडे कमी म्हणून आजोबांना बरे वाटत होते, हे ठीक. पण मग नागपूरचे लोक उन्हाळ्यात अंगभर कपडे घालून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून का फिरतात?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता उन्हाळ्यातील लग्नाला पुरुषांनी काय घालावे, याचेही उत्तर आपल्याला मिळेल.

शरीर नावाची शेगडी

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे १०० जूल उष्णता निर्माण होत असते. म्हणजेच आपण प्रत्येकजण १०० वॅटची एक शेगडीच असतो. वरातीत मनसोक्त नाचू लागलो की हा आकडा ३०० ते ४०० वॅटपर्यंत जातो. शरीराचे आतील तापमान ३७° सें. च्या आसपास टिकवायचे, तर जितकी उष्णता निर्माण होते तितकी बाहेर गेलीच पाहिजे.

बाहेर जाण्याच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत : वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. पहिल्या तीन वाटा तापमानातील फरकावर अवलंबून असतात. गरम हवेत आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५° असते. मांडवातील हवा ३३° आहे असे धरू. फरक अवघा २ अंशांचा. माणसाच्या शरीराचे पृष्ठफळ पावणेदोन चौरस मीटर धरले, तर उघड्या अंगानेसुद्धा या तीन वाटांनी जेमतेम ३० वॅट बाहेर जातात. उरलेल्या ७० वॅटचे काय करायचे?

तिथे घाम मदतीला येतो. त्वचेच्या तापमानाला १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४३० जूल अप्रकट उष्णता शोषली जाते. ७० वॅट म्हणजे तासाला २,५२,००० जूल. याला २,४३० ने भागा. नुसते बसून राहायचे असले, तरी तासाला सुमारे १०० ग्रॅम घामाची वाफ झाली पाहिजे. नाचणाऱ्याला हाच हिशेब जवळजवळ अर्ध्या लिटरवर जातो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शरीराला थंडावा घाम येण्याने मिळत नाही, घाम वाळण्याने मिळतो. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला थेंब आपली अप्रकट उष्णता न घेताच गेला. तो वाया गेला. कोटाच्या अस्तराखाली साचून राहिलेल्या घामाचेही तेच. म्हणून उन्हाळ्यातील कपड्याला विचारायचा पहिला प्रश्न "तू उष्णता अडवतोस का?" हा नसून "तू वाफेला वाट देतोस का?" हा आहे.

कोटाचे माप

कपड्यांची उष्णतारोधकता मोजण्यासाठी गॅग, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये एक एकक सुचवले. त्याचे नाव 'क्लो'. २१° तापमानाच्या, जवळजवळ स्थिर हवेच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला ज्या कपड्यांत सुखकर वाटते, त्यांची रोधकता १ क्लो. पाश्चात्त्य पद्धतीचा सदरा, कोट, पाटलोण असा नेहमीचा पुरुषी पोशाख सुमारे १ क्लो भरतो. म्हणजे हा पोशाख २१ अंशांसाठी ठीक आहे. कोकणातल्या मे महिन्यात तो घालणे म्हणजे तहान लागलेल्या माणसाला रजई देण्यासारखे आहे. अर्ध्या बाह्यांचा पातळ सदरा आणि पातळ पाटलोण यांची रोधकता याच्या निम्मी असते.

ही रोधकता येते कोठून? धाग्यांपेक्षाही अधिक ती येते धाग्यांत आणि कपड्याच्या थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेतून. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. हिशेब केला तर १ क्लो म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर जाडीच्या स्थिर हवेचा थर होतो. बनियन, सदरा, अस्तर, कोटाच्या छातीला ताठपणा आणण्यासाठी घातलेले जाड कापड आणि सर्वांत वर कोटाचे कापड असे पाच थर मोजले, तर हवेचा हा थर कसा तयार होतो ते ध्यानात येईल. घामाच्या वाफेलाही याच स्थिर थरातून, रेणू-रेणूने वाट काढत बाहेर यावे लागते.

त्यात कोटाचा गळा बंद, मनगटे बंद आणि टाय असेल तर तिची गाठ घट्ट. चुलीवरच्या धुराड्याचे तोंड कोणी झाकून ठेवले तर काय होईल? शरीरालगतची हवा तापून आणि ओलसर होऊन वर चढू पाहते. टाय आणि बंद गळा तिची वाट तिथेच अडवतात.

रत्नागिरी आणि नागपूर

आता माझ्या पुतणीच्या प्रश्नाकडे वळू. मे महिन्यातल्या दोन दुपारांची तुलना करू. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तापमान ३३° आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे असे धरा. नागपुरात तापमान ४२° आणि आर्द्रता २० टक्के धरा.

३५° तापमानाच्या ओल्या त्वचेवर वाफेचा दाब सुमारे ४२ मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो. रत्नागिरीच्या हवेत तो सुमारे २६ मिलिमीटर येतो, फरक १६. नागपूरच्या हवेत तो केवळ १२ मिलिमीटर, फरक ३०. पाणी उतारावरून जसे जोराने धावते, तशी वाफ दाबाच्या फरकाप्रमाणे जोराने बाहेर पडते. म्हणजे हवा ९ अंशांनी अधिक तापलेली असूनही नागपुरात घाम जवळजवळ दुप्पट जोराने वाळू शकतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक हेच दाखवील : रत्नागिरीत तो २८° च्या आसपास थांबेल, नागपुरात मात्र २४° पर्यंत खाली येईल.

मग नागपूरकरांनीही उघडे का बसू नये? कारण तिथे बाकीच्या तीन वाटा उलट्या वाहू लागतात. हवा त्वचेपेक्षा ७ अंशांनी गरम असल्यामुळे सावलीत बसलेल्या उघड्या माणसाच्या अंगातही बाहेरून १०० वॅटच्या जवळपास उष्णता शिरते. म्हणजे एका शेगडीच्या दोन शेगड्या झाल्या! उन्हात गेल्यावर तर सूर्याचे प्रारण वेगळेच. अशा ठिकाणी कपडा हा बाहेरची उष्णता अडवणारा पडदा ठरतो, आणि हवा कोरडी असल्याने सैल सुती पडद्याआडूनही घाम सहज वाळतो.

तात्पर्य, किनाऱ्यावर सावलीत कपडा जितका कमी, पातळ आणि सैल तितका चांगला. कोरड्या, तप्त प्रदेशात आणि कोठल्याही उन्हात अंगभर, पण सैल कपडा चांगला. गुहागरचे आजोबा आणि नागपूरचा दुपट्टेवाला हे दोघेही पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने बरोबरच आहेत.

पांढरा की काळा?

"उन्हाळ्यात पांढरे कपडे वापरावेत" हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, आणि उन्हापुरते ते योग्यच आहे. पांढरा कपडा सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परावर्तित करतो, काळा बहुतेक सगळा शोषतो. पण मग वाळवंटातले काही बेदुईन लोक काळे झगे का घालतात?

या कोड्यावर श्कोल्निक, टेलर, फिंच आणि बोरुत या संशोधकांनी नेगेव्ह वाळवंटात प्रयोग केले आणि १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. भर दुपारच्या उन्हात माणसाला काळा झगा आणि पांढरा झगा घालून उभे करून त्यांनी मोजमापे घेतली. काळ्या झग्याचे कापड अधिक तापत होते खरे, पण त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली. जादा उष्णता झग्याखालून वाहणाऱ्या हवेबरोबर त्वचेला भिडण्याआधीच निघून जात होती.

यावरून काळा कोट घालावा असा अर्थ मात्र काढू नका. हे घडले ते झगा सैल होता म्हणून. अंगाला चिकटलेल्या काळ्या कापडाची उष्णता थेट त्वचेतच उतरते. पण रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा, हा धडा पक्का. आणखी एक गोष्ट : मांडवाच्या सावलीत तापलेले छत किंवा जमीन यांच्याकडून जे अवरक्त प्रारण येते, ते पांढरे आणि काळे सुती कापड जवळजवळ सारखेच शोषते. तेव्हा सावलीतील लग्नाला मुलाने गडद निळा झब्बा घातला तर खुशाल घालू द्यावा. दुपारच्या उघड्या मैदानावर मात्र फिका रंग बरा.

धागा आणि वीण

सुती कापूस नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवतो, रेशीम ११ टक्के, लिनन १२ टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून घट्ट विणीचे पॉलिएस्टरचे अस्तर अंगाला चिकचिकते. कित्येक 'रेशमी' शेरवानींचे अस्तर असेच असते. वरचे कापड पाहून फसू नये, आतली बाजू उलटून पाहावी.

तरीही नुसत्या धाग्याच्या नावावर जाऊ नका. जाड सुती कापड घाम पिऊन ओलेचिंब राहते आणि लवकर वाळत नाही. तलम मलमल तोच घाम केशाकर्षणाने पसरवून पटकन वाळवते. वीण विरळ हवी. याची चाचणी अगदी सोपी आहे : कापड तोंडासमोर ताणून धरा आणि त्यातून वीतभर अंतरावरच्या मेणबत्तीवर फुंकर घाला. (हे मोठ्या माणसांच्या देखत आणि कापड ज्योतीपासून दूर ठेवूनच करा.) ज्योत हलली तर कापड लग्नाला न्यायला हरकत नाही. ढिम्म राहिली तर ते हिवाळ्यातील लग्नासाठी ठेवून द्या.

धोतराचा विचार या दृष्टीने करून पाहा. शिवण नाही, कमरेखाली कोठे घट्ट नाही, आणि चालताना निऱ्या पुढेमागे हलल्या की लोहाराच्या भात्याप्रमाणे आतली ओलसर हवा बाहेर आणि बाहेरची कोरडी हवा आत जाते. सैल झब्ब्याला दोन्ही बाजूंना ज्या चिरा असतात, त्याही हेच काम करतात : हवा खालून शिरते, तापते आणि मोकळ्या गळ्यातून वर निघून जाते.

करून पाहा

स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याला बाहेरून ओल्या मलमलीचा एक वेढा द्या. तिसऱ्यालाही तसाच वेढा देऊन त्यावर कोटाच्या अस्तराच्या कापडाचे दोन घट्ट वेढे द्या. तिन्हींत सारखेच, ५०° तापमानाचे पाणी भरा, वरून झाकण ठेवा आणि पंख्याखाली दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. आलेख काढला की दुसरा पेला सर्वांत आधी निवल्याचे दिसेल. तिसऱ्यालाही तेवढेच पाणी मिळाले होते; त्याला मिळाली नाही ती वाट. शिक्षकांना हा प्रयोग किनाऱ्यावरील आणि घाटावरील शाळांनी एकाच दिवशी करून आकडे एकमेकांना कळवावेत, असे सुचवावेसे वाटते.

मग काय घालावे?

किनाऱ्यावरच्या लग्नाला पाहुण्यांनी मलमलीचा, पातळ खादीचा किंवा लिननचा सैल झब्बा, सुती लेंगा अथवा धोतर आणि पायात मोज्यांशिवाय कोल्हापुरी चपला घालाव्यात. उंची पोशाख हवाच असेल, तर भंडाऱ्याकडच्या टसर रेशमाचा बिनअस्तराचा झब्बा उत्तम. कोट घालायचाच असला तर तो बिनअस्तराचा किंवा अर्ध्या अस्तराचा शिवून घ्यावा आणि गळा मोकळा ठेवावा. फेटा उन्हात डोक्याचे रक्षण करतो. सावलीत आल्यावर तो उतरवून ठेवावा. नवरदेवाने होमासमोर तरी कोट घालू नये. कोट छायाचित्रांसाठीच हवा असेल, तर तो सूर्य कलल्यावर घालावा.

परदेशातून किंवा थंड गावाहून येणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. उष्ण हवेची शरीराला सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातून जाणाऱ्या मिठाचे प्रमाण घटते. आमच्या नवरदेवाला तीनच दिवस मिळाले होते.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. ओल्या तापमापकाचे तापमान ३५° झाले, तर निरोगी माणूसही सावलीत पंख्याखाली फार काळ तग धरू शकणार नाही, असे शेरवूड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये दाखवून दिले. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांत तर दमट हवेत ही मर्यादा ३१° च्या आसपासच आढळली. आपल्या रत्नागिरीच्या उदाहरणातील २८° या आकड्यापासून ती फार दूर नाही. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने कित्येकांचे प्राण गेले, हे आपण सर्वांनी वाचलेच आहे. गर्दी, ऊन आणि दमट हवा या तिन्ही गोष्टी लग्नातही असतात.

कोणाला चक्कर आली, तर त्याला सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला आणि तो शुद्धीवर असेल तर मीठ-साखर घातलेले पाणी घोटाघोटाने द्या. तो असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपली किंवा अंग फार तापले, तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतणे व वारा घालणे थांबवू नका.

आमच्या लग्नात नवरदेवाचा कोट उतरला. पण संध्याकाळी वरात निघाली, तेव्हा माझे लक्ष बँडवाल्यांकडे गेले. लाल रंगाचे, जाड, पितळी बटणांचे कोट गळ्यापर्यंत बंद करून ती माणसे छातीतला सगळा वारा खर्चून वाजवत होती. त्यांचे श्रम नाचणाऱ्यांइतकेच, कपडे नवरदेवापेक्षा जाड, आणि कोट काढण्याची त्यांना परवानगी नव्हती. माझ्या पुतणीने जाऊन आजोबांना सांगितले. आजोबांनी बँडच्या म्होरक्याला बोलावून म्हटले, "बाबांनो, कोट काढून ठेवा, आधी पाणी प्या आणि मग वाजवा."

तुमच्या घरी येत्या उन्हाळ्यात लग्न असेल, तर हा निरोप तुम्हीही त्यांच्यापर्यंत पोहोचवा. आपण काय घालावे हे आपल्याला ठरवता येते. त्यांच्यासाठी ते यजमानालाच ठरवावे लागते.